पंपाच्या ड्राइव्हचे संरक्षण : फ्यूज किती अँपियरचा असावा?

वैशाखाचे दिवस होते. नदीकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेच्या पंपघरात २० अश्वशक्तीची मोटर चालू होती. तिच्या शेजारी भिंतीवरील पत्र्याच्या पेटीत मोटरीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह त्याच हंगामात बसविण्यात आला होता. उसाच्या पाळ्या लागलेल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास पेटीतील ब्रेकर पडला. पंपचालकाने तो वर केला. अर्ध्या तासाने तो पुन्हा पडला. तिसऱ्या दिवशीही हाच प्रकार चालू राहिला, तेव्हा गावच्या वायरमनला बोलावणे गेले. त्याने तो ४० अँपियरचा ब्रेकर काढून कोपऱ्यात टाकला, जुन्या स्टार-डेल्टा स्टार्टरच्या वेळचे किटकॅट फ्यूज पुन्हा जोडले आणि त्यांत केबलीतून काढलेली तांब्याची एकेक तार बसविली. मोटर सुरळीत चालू लागली आणि सभासद निश्चिंत झाले.

पाचव्या रात्री ड्राइव्हच्या आत काही बिघाड झाला. फ्यूजमधील तार वितळली नाही; तिच्याऐवजी केबल वितळली. पंपचालक बाहेरच्या ओट्यावर निजला होता म्हणून जीवितहानी टळली. परंतु पेटी, ड्राइव्ह आणि केबलीचा वरचा भाग जळून गेला. नवा ड्राइव्ह येईपर्यंत जुना स्टार्टर जोडावा, तर तोही त्याच भिंतीवर होता. अठरा दिवस पाण्याची पाळी चुकली आणि खोडव्याचे कित्येक फड वाळले.

ब्रेकर का पडत होता, याची चौकशी कोणीही केली नव्हती. तो वारंवार पडतो, म्हणून तो लहान आहे, असे सर्वांनी गृहीत धरले. हा समज एका गावापुरता नाही. विहिरीवरील मोटरीला जो हिशेब लागू पडत असे तोच ड्राइव्हलाही लागू पडतो, असे समजून फ्यूज निवडणारे पुष्कळ आहेत. सौर पंपांच्या आणि उपसा योजनांच्या निमित्ताने हे यंत्र आता गावोगाव आले आहे. तेव्हा त्याचा हिशेब ग्रामसेवक, कृषी सहायक व शेतकरी यांनी स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

जुना हिशेब कशावर बेतलेला होता?

साधी तीन फेजची मोटर थेट सुरू केली असता पहिले काही क्षण ती आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा ते सात पट प्रवाह खेचते. २० अश्वशक्तीची, म्हणजे १५ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराने चालताना सुमारे २८ अँपियर घेते; थेट सुरू केल्यास क्षणभर १७० अँपियरच्या घरात जाते. स्टार-डेल्टा स्टार्टर हा प्रवाह एक-तृतीयांशावर आणतो, तरी तो ५५ अँपियरच्या खाली येत नाही. मोटर सुरू होताना फ्यूज जाऊ नये, म्हणून तो चालू प्रवाहाच्या दीडपट-दुप्पट घेण्याची चाल पडली. २० अश्वशक्तीला ६३ अँपियर हा आकडा पंपघरांतून रूढ झाला तो असा. मोटरीवर जास्त भार आल्यास ती वाचविण्याचे काम फ्यूज करीत नसे. त्यासाठी स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असे. फ्यूज केवळ शॉर्टसर्किटपुरता होता. ही विभागणी शहाणपणाची होती आणि साध्या स्टार्टरला ती आजही योग्यच आहे.

ड्राइव्ह मात्र निराळ्या रीतीने काम करतो. मोटरीचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांच्या मोटरीतील चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटर त्याच्या किंचित मागे राहून फिरते. ड्राइव्ह ही वारंवारताच बदलतो. येणारी उलटसुलट वाहणारी वीज तो प्रथम डायोडांच्या साहाय्याने एकदिश करतो, मोठ्या कपॅसिटरांत साठवितो आणि मग अर्धवाहक स्विचांच्या जलद उघडझापीने तिची पुन्हा तीन फेजची वीज तयार करतो. ती १० हर्ट्‌झचीही असू शकते, ५० हर्ट्‌झचीही. मोटर सुरू करताना तो वारंवारता शून्याजवळून हळूहळू वाढवीत नेतो. त्यामुळे सहापट प्रवाहाचा तो पहिला लोंढा येतच नाही. मोठा फ्यूज घेण्याचे जे मूळ कारण होते ते ड्राइव्ह बसविताच नाहीसे होते, आणि तरीही मोठा फ्यूज तेथेच राहतो. सारा घोटाळा येथे आहे.

ड्राइव्ह बसविण्याचा हेतू बहुधा वीज वाचविण्याचा असतो, म्हणून त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. वेग ८० टक्क्यांवर आणला तर पाणी ८० टक्के येते, दाब ६४ टक्के राहतो आणि शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. हा लाभ खरा आहे. पण जेथे पाणी उंच चढवावयाचे असते तेथे त्याला मर्यादा आहे. व्हॉल्व्ह बंद असताना ज्या पंपाचा दाब ४० मीटर भरतो, तो ४० हर्ट्‌झवर चालविल्यास त्याचा दाब २६ मीटरही भरत नाही. पाणी ३० मीटर चढवावयाचे असेल तर एक थेंबही वर येणार नाही. पंप आतल्या आत पाणी घुसळून तापवीत बसेल. ठिबक संचाच्या वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पंपावर ड्राइव्ह जितका शोभतो, तितका तो सरळ उंच उपशावर शोभेलच असे नाही.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

ड्राइव्ह महाग आहे, म्हणून फ्यूज त्याच्या रक्षणासाठी बसवितात, असे पुष्कळांना वाटते. खरी गोष्ट अशी की, साधा फ्यूज किंवा ब्रेकर मुख्यतः केबलीचे आणि पंपघराचे रक्षण करतो. मोटरीकडील बाजूस तारा एकमेकींस चिकटल्या तर ड्राइव्ह स्वतःच सेकंदाच्या लक्षांश भागांत आपले स्विच बंद करतो. तेथे फ्यूजची वाट पाहावी लागत नाही. मोटरीवर जास्त भार आला तर तेही ड्राइव्ह ओळखतो. त्यासाठी मोटरीच्या पाटीवरील प्रवाहाचा आकडा ड्राइव्हमध्ये भरलेला असला पाहिजे. हा आकडा न भरता कारखान्यातून आलेल्या स्थितीतच ड्राइव्ह चालू केलेला असेल, तर मोटरीला कोणाचेच संरक्षण नाही असे समजावे.

परंतु ड्राइव्हच्या पोटातीलच डायोड किंवा स्विच फुटला, तर पुरवठ्याकडून येणारा प्रवाह थांबविण्याची शक्ती ड्राइव्हमध्ये उरत नाही. रोहित्रापासून निघालेली सगळी ताकद त्या छिद्रातून वाहू लागते. तिला अडविणारे एकच साधन असते, ते म्हणजे ड्राइव्हच्या मागचा फ्यूज वा ब्रेकर. वर सांगितलेल्या पंपघरात नेमका हाच प्रसंग आला होता.

अर्धवाहक भागही वाचावेत अशी इच्छा असेल तर त्यासाठी अतिशीघ्र वितळणारे खास फ्यूज मिळतात. त्यांवर एआर ही अक्षरे छापलेली असतात. ते केवळ शॉर्टसर्किटमध्ये चालतात, थोड्याशा जादा प्रवाहात केबलीचे रक्षण करीत नाहीत. म्हणून ते एकटे बसविणे योग्य नव्हे. सर्वसाधारण पंपघरासाठी जीजी छापाचे बंद काडतुसाचे एचआरसी फ्यूज पुरेसे होतात. मात्र ड्राइव्हच्या पुस्तिकेत विशिष्ट जातीचा फ्यूज सांगितला असेल, तर तोच घ्यावा. त्या ड्राइव्हची परीक्षा त्या फ्यूजसह झालेली असते. दुसरा बसविल्यास तिचा आधार राहत नाही.

आकडा कसा काढावा?

आकडा मोटरीच्या पाटीवरून काढावयाचा नसून ड्राइव्हच्या पाटीवरून काढावयाचा असतो. त्या पाटीवर दोन प्रवाह लिहिलेले असतात : एक आत येणारा, दुसरा बाहेर जाणारा. फ्यूज आत येणाऱ्या प्रवाहावर ठरतो. हे दोन आकडे सारखे नसतात. ड्राइव्ह पुरवठ्याकडून सलग प्रवाह न घेता झटक्याझटक्याने घेतो. पुरवठ्याच्या बाजूस चोक बसविलेला नसेल तर या झटक्यांमुळे तार तापविणारा प्रवाह मूळ प्रवाहापेक्षा पाव हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. चोक बसविला की झटके बोथट होतात. म्हणून चोकाचे पैसे वाचवून मोठा ब्रेकर घेणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

येथेच एक सावधगिरी सांगणे योग्य होईल. वायरमनच्या खिशातील साधा चिमटामीटर असा झटक्यांचा प्रवाह कमी दाखवितो. २५ अँपियर दिसत आहेत आणि तरीही ब्रेकर पडतो, अशी तक्रार जेथे येते तेथे ब्रेकर खोटा नसून मीटर खोटा असण्याचा संभव बराच असतो. ‘ट्रू आरएमएस’ असे लिहिलेला मीटरच या कामी वापरावा.

आता २० अश्वशक्तीच्या त्याच मोटरीचे उदाहरण घेऊ. समजा, ड्राइव्हच्या पाटीवर आत येणारा प्रवाह ३१ अँपियर लिहिला आहे. त्याची सव्वापट केली असता ३८.७५ अँपियर येतात. बाजारात मिळणारा त्यावरचा आकडा ४० अँपियर हा होय. मग ड्राइव्हच्या पुस्तिकेतील तक्ता पाहावा. तेथे जास्तीत जास्त किती अँपियरचा फ्यूज चालेल हे दिलेले असते. ४० हा आकडा त्या मर्यादेच्या आत असेल तर तो कायम करावा. तक्त्यात ३५ च कमाल दिले असेल तर ३५ घ्यावा. गणितापेक्षा तक्ता श्रेष्ठ मानावा.

यानंतर केबल पाहावयाची. चालू प्रवाह, त्याहून मोठा फ्यूजचा आकडा आणि त्याहून मोठी केबलीची क्षमता, असे तीन आकडे चढत्या पायऱ्यांनी असले पाहिजेत. १० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची पीव्हीसी केबल हवेत सुमारे ४० अँपियर वाहते आणि १६ चौरस मिलिमीटरची सुमारे ५०. पत्र्याच्या छपराखाली वैशाखात हे आकडे आणखी उतरतात. तेव्हा ४० अँपियरच्या ब्रेकरला १० ची केबल अगदी काठावरची ठरते. १६ ची घेणे इष्ट. ब्रेकर ४० अँपियरचा आहे म्हणजे ४१ अँपियरला पडेल, असेही समजू नये. लहान ब्रेकरांच्या प्रमाणाप्रमाणे तो १.१३ पटीपर्यंत, म्हणजे ४५ अँपियरपर्यंत, तासभर पडत नाही आणि १.४५ पटीला, म्हणजे ५८ अँपियरला, एका तासाच्या आत पडला की पुरे. तेवढा वेळ केबलीने ती उष्णता सोसली पाहिजे.

उलट, त्या पंपघरात बसविलेल्या तारेचा हिशेब काय होता? तांब्याच्या तारेचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा दीडवा घात करावा व त्यास ८० ने गुणावे, म्हणजे ती किती अँपियरला वितळेल हे ढोबळमानाने कळते. हा नियम १८८० च्या दशकात प्रीस या ब्रिटिश तारयंत्र-अभियंत्याने मांडला. त्याप्रमाणे १ मिलिमीटर जाडीची तार ८० अँपियरला वितळते. तशा दोन तारा पिळून घातल्या तर दीडशेच्या पलीकडे. किटकॅटच्या चिनीमातीवर ३२ अँपियर लिहिलेले असले तरी तिच्यात जी तार आहे तोच खरा फ्यूज होय. ज्या केबलीची क्षमता ५० अँपियर आहे तिच्या मागे ८० किंवा १६० चा फ्यूज असणे याचा अर्थ, केबल हाच फ्यूज झाला आहे.

लांबच्या लाइनीवरील अडचण

मोठा ब्रेकर घेतला तरी शॉर्टसर्किट झाल्यावर तो पडणारच, मग बिघडते कोठे, असा प्रश्न विचारला जातो. रोहित्राच्या पायथ्याशी हे खरे आहे. शेताच्या टोकाला खरे नाही. ६३ केव्हीएच्या रोहित्राच्या खुंट्यांवरच शॉर्ट झाले तर सुमारे १८०० ते १९०० अँपियर वाहतील. पण तेथून २०० मीटर अंतरावर, १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या केबलीच्या शेवटी दोन फेज चिकटल्या, तर तापलेल्या तारेचा अडथळा जमेस धरता प्रवाह साडेचारशे अँपियरच्या आसपासच राहतो. आता ब्रेकरची जात पाहू. सी जातीचा ब्रेकर आपल्या आकड्याच्या पाच ते दहा पटीच्या दरम्यान तत्काळ पडतो. ४० अँपियरचा सी ब्रेकर उशिरात उशिरा ४०० ला पडेल. म्हणजे या शॉर्टमध्ये तो डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी सुटेल. १०० अँपियरचा सी ब्रेकर मात्र ५०० च्या खाली तत्काळ पडण्यास बांधलेलाच नाही. तो आपली पट्टी तापण्याची वाट पाहत काही सेकंद थांबेल आणि तेवढ्या सेकंदांत ठिणग्यांचे काम पुरे होईल. डी जातीचा ब्रेकर तर दहा ते वीस पटीला पडतो. ड्राइव्हच्या मागे आणि लांब लाइनीच्या टोकाला तो सहसा बसवू नये.

मोठ्या उपसा योजनांची अडचण नेमकी उलटी असते. तेथे १००० केव्हीएचे रोहित्र पंपघराच्या भिंतीलाच लागून असते आणि शॉर्टसर्किटचा प्रवाह २५,००० अँपियरच्या वर जाऊ शकतो. १० किलोअँपियर तोडण्याची क्षमता असलेला लहान ब्रेकर तेथे प्रवाह न तोडता स्वतःच फुटेल. अशा ठिकाणी त्या क्षमतेचा मोठा एमसीसीबी अथवा एचआरसी फ्यूजच पाहिजे. ब्रेकरवर अँपियरच्या आकड्याखेरीज चौकटीत लिहिलेला ६००० किंवा १०००० हा आकडा याच क्षमतेचा असतो.

जमिनीकडे जाणारा प्रवाह

फ्यूज अथवा ब्रेकर कितीही नेमका निवडला तरी माणसाला बसणारा धक्का तो थांबवीत नाही. मोटरीच्या कवचात फेजचा प्रवाह उतरला आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा अडथळा २० ओहम असला, तर २४० व्होल्टला १२ अँपियरच वाहतील. ४० अँपियरचा ब्रेकर त्याकडे लक्षही देणार नाही आणि कवच तसेच जिवंत राहील. ओल्या चिखलात उभ्या असलेल्या पंपचालकाने त्याला हात लावला की काय होते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. मोटरीच्या कवचास दोन स्वतंत्र अर्थिंग असावेत, ही अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आलेली आहे. तिच्या जोडीला गळतीचा प्रवाह ओळखणारा रिले असावा.

हा रिले निवडतानाही ड्राइव्हचे निराळेपण ध्यानात ठेवावे. ड्राइव्हमध्ये वीज एकदिश झालेली असल्यामुळे तेथील दोषाचा प्रवाहही एकदिश असू शकतो. घरगुती एसी प्रकारचा रिले अशा प्रवाहास आंधळा असतो. तीन फेजच्या ड्राइव्हसाठी बी प्रकारचा लागतो. ब्रेकरच्या बी जातीचा आणि याचा काही संबंध नाही. शिवाय ड्राइव्हमधून निर्दोष स्थितीतही थोडी गळती जमिनीकडे चालू असते, त्यामुळे ३० मिलिअँपियरचा रिले उगीच पडत राहतो. पंपघराच्या मुख्य ओळीवर ३०० मिलिअँपियरचा घेण्याची वहिवाट आहे. तो आगीपासून रक्षण करतो. धक्क्यापासून रक्षणाचा भार मुख्यतः चांगल्या अर्थिंगवरच राहतो. ही नित्याची गळती साडेतीन मिलिअँपियरहून अधिक असते, म्हणून ड्राइव्हची अर्थिंगची तार १० चौरस मिलिमीटर तांब्याची किंवा १६ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची असावी, अथवा तारा दोन असाव्यात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी टाकण्याचा जुना परिपाठ अद्यापही सोडण्याजोगा नाही.

दोन फेज, कपॅसिटर आणि जुना स्टार्टर

आपल्याकडील शेतीच्या लाइनीवर एखादी फेज जाणे हे नित्याचे आहे, आणि उरलेल्या दोन फेजांवर कपॅसिटर लावून मोटर ओढून नेण्याची युक्तीही घरोघर माहीत आहे. ड्राइव्हच्या बाबतीत ही युक्ती घातक ठरते. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कोणताही कपॅसिटर असता कामा नये. तेथील वीज सेकंदाला हजारो वेळा तुटक होत असते आणि कपॅसिटर तिला शॉर्टसर्किटसारखा भासतो. पूर्वी पॉवर फॅक्टरसाठी मोटरीवर लावलेला कपॅसिटरही ड्राइव्ह बसविण्यापूर्वी काढून टाकावा. हे काम विसरले जाते आणि मग नवा ड्राइव्ह पहिल्याच दिवशी जातो.

पुरवठ्याच्या बाजूची एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजांवर पावणेदोन पट आणि त्याहूनही अधिक ताण येतो. बहुतेक ड्राइव्ह हे ओळखून थांबतात. परंतु भार हलका असेल तर काही चालूच राहतात आणि आतील कपॅसिटरांचे आयुष्य झिजत जाते. फेज गेल्यास थांबण्याची सूचना ड्राइव्हमध्ये चालू ठेवावी. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारी ‘ऑटो’ची सोयही ड्राइव्हमध्ये असते. रात्रीच्या पाळीत ती सोयीची खरी. पण विहिरीत कोणी उतरले असता ती बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय काम करू नये. मोटर दररोज चालू-बंद करण्यासाठी मागचा ब्रेकर वरखाली करणे टाळावे. त्यासाठी ड्राइव्हचे बटण आहे. प्रत्येक वेळी कपॅसिटर भरणारा आतील रेझिस्टर त्या हिसक्यांनी जळतो.

ड्राइव्ह बिघडल्यास पाणी अडू नये, म्हणून पुष्कळ संस्था जुना स्टार्टर बाजूला जोडून ठेवतात. ही दूरदृष्टी योग्य आहे. परंतु मग दोन्हींच्या मागे एकच ६३ अँपियरचा फ्यूज ठेवून भागत नाही. मुख्य ओळीवर ६३ असो. ड्राइव्हच्या फाट्यावर त्याचा स्वतःचा ४० चा ब्रेकर हवा आणि स्टार्टरच्या फाट्यावर ओव्हरलोड रिले हवा, कारण त्या मार्गाने जाताना ड्राइव्हची पाळत मोटरीवर नसते. दोन्ही मार्ग एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असे कुलूपही हवे. पुरवठ्याची वीज ड्राइव्हच्या बाहेरील खुंट्यांवर चुकून आली, तर ड्राइव्ह वाचविणारा फ्यूज अद्याप कोणी तयार केलेला नाही.

खोल कूपनलिकांतील पाणबुडी मोटरींविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. ड्राइव्हपासून मोटरीपर्यंतची केबल लांब असली की तुटक विजेच्या लाटा मोटरीवर आपटून परततात आणि वेटोळ्यांवरील दाब ड्राइव्हमधील एकदिश दाबाच्या दुपटीपर्यंत चढू शकतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तो एकदिश दाबच ५८७ व्होल्ट असतो. यावर फ्यूज हा उपाय नाही. ड्राइव्हच्या मुखाशी फिल्टर बसवावा लागतो. तसेच पाणबुडी मोटर ३० हर्ट्‌झच्या खाली सतत चालवू नये, तिच्या खालच्या बेअरिंगला पाण्याचे वंगण मिळत नाही.

सौर पंप

२०१९ पासून केंद्र सरकारच्या कुसुम योजनेतून बसलेल्या सौर पंपांच्या नियंत्रकातही आतून असाच ड्राइव्ह असतो. फरक इतकाच की त्याला वीज पॅनेलांकडून थेट एकदिश मिळते. त्यामुळे संरक्षणाची साधनेही एकदिश विजेचीच लागतात. उलटसुलट वाहणारा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ब्रेकरमधील ठिणगी त्या क्षणी विझते. एकदिश प्रवाहाला शून्य नाही. घरगुती ब्रेकर तेथे बसविला तर तो उघडल्यावरही ठिणगी आत जळत राहते आणि ब्रेकर पेट घेतो. बिघडलेला डीसी ब्रेकर बदलताना दुकानात मिळाला तो आणून बसविणे, ही यामुळे मोठी जोखीम आहे.

पॅनेलांच्या माळा दोनहून अधिक असून समांतर जोडलेल्या असतील, तर प्रत्येक माळेला फ्यूज लागतो. त्याचा आकडा पॅनेलच्या मागील पाटीवरील शॉर्टसर्किट प्रवाहाच्या दीड पटीहून कमी नसावा व २.४ पटीहून अधिक नसावा. शिवाय त्याच पाटीवर दिलेल्या कमाल फ्यूजच्या आकड्याच्या आत असावा. तो प्रवाह ११ अँपियर असेल तर १६.५ ते २६.४ ही मर्यादा येते आणि २० अँपियरचा फ्यूज तीत बसतो. ऊन असेतोवर पॅनेलातील वीज बंद करता येत नाही, म्हणून हा फ्यूज चालू प्रवाहात हाताने कधीही ओढू नये. प्रथम नियंत्रक बंद करावा, मग डीसी ब्रेकर, मग फ्यूज.

ब्रेकर पडत असेल तर

आता त्या नदीकाठच्या पंपघराकडे वळू. कोपऱ्यात फेकलेला ४० अँपियरचा ब्रेकर पुढे सापडला. त्याच्या तीन खुंट्यांपैकी एकीभोवतालचे प्लॅस्टिक तपकिरी झाले होते. ॲल्युमिनियमच्या केबलीला लग न बसविता उघड्या तारा तशाच खुंटीत कोंबल्या होत्या. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकते, स्क्रू सैल पडतो आणि सैल सांधा तापतो. ती उष्णता ब्रेकरच्या आतील पट्टीला लागते आणि प्रवाह वाजवी असतानाही ब्रेकर पडतो. शिवाय पेटी पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात होती. लहान ब्रेकरचा आकडा ३० अंश सेल्सिअस तापमानाला धरून ठरविलेला असतो. ५० अंशांच्या वर पेटी तापली की त्याची क्षमता दशांशाने आणि कधी त्याहूनही अधिक उतरते. म्हणूनच तो सकाळी न पडता दुपारी दोनला पडत होता. चार लग, दहा मिनिटांचे काम आणि पेटीला दोन झरोके, एवढ्याने तो दोष निघाला असता.

ब्रेकर पडल्यावर तो वर करण्यापूर्वी त्याच्या खुंट्या पुरवठा बंद करून पाहाव्यात, पेटीचे तापमान हाताला जाणवते का ते पाहावे आणि ड्राइव्हच्या पडद्यावर कोणता दोष नोंदला आहे तो लिहून घ्यावा. ड्राइव्हचे झाकण उघडावयाचे झाल्यास वीज बंद केल्यावर निदान १० मिनिटे, किंवा झाकणावर अधिक वेळ लिहिला असेल तर तितका वेळ, थांबावे. कपॅसिटरांत साठलेली वीज दिवा विझल्यानंतरही जीव घेण्याइतकी असते. मीटरने दाब तपासल्याशिवाय आत बोट घालू नये.

त्या संस्थेने नवी पेटी उत्तरेकडील भिंतीवर बसविली. तिच्या दाराच्या आतील बाजूस रंगाने चार ओळी लिहिल्या आहेत : मोटर २८ अँपियर, ड्राइव्ह आत ३१, ब्रेकर ४० सी, केबल १६ चौरस मिलिमीटर. पंपचालक बदलला तरी आकडे दारावर राहतात. पुढच्या हंगामात ब्रेकर एकदाच पडला. त्या वेळी पंपचालकाने तो वर न करता केबलीचा मार्ग शोधीत नेला, तेव्हा नळीच्या तोंडाशी उंदरांनी कुरतडलेली हातभर जागा सापडली.